लेकीच्या घरचं पाणी

भाईदासआप्पा पाटलांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत: मिरची आणि रिवाज. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या उघड्या रानावर, बाकीचे लोक शिंकून शिंकून बेजार होत. आप्पा तिथेच बसून भाकरीबरोबर सुकी मिरची कडाकड चावून खात. आणि रिवाज असा, की लेकीच्या पदरात मूल पडेपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

त्यांच्या लेकीच्या, रंजिताच्या पदरात मूल पडलं नाही. पडणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगून झालं होतं. तरी आप्पा प्रकाशा गावी लेकीकडे जायचे ते पाण्याची बाटली आणि दशम्यांचं गाठोडं घेऊनच. ओट्यावर बसून आपलंच कोमट पाणी प्यायचे, आणि रंजिता समोर रिकाम्या हाताने उभी राहायची. तिचे ते रिकामे हात आप्पांना दिसत नव्हते असं नाही. पण आता रिवाज मोडायचा म्हणजे नातवंडाची आस सोडली असं आपल्याच तोंडाने चारचौघांत सांगायचं. तेवढी छाती त्यांना झाली नव्हती.

हीच रंजिता फ्रान्सला स्वयंपाक शिकायला गेली तेव्हा भाऊबंद हसले होते. चूल फुंकायला विमानात कशाला बसायचं? ती परत आली आणि नवऱ्याने, भूपेशने, तापीकाठच्या शेतात तिला रेस्टॉरंट बांधून दिलं. माल इथला, रीत तिथली. नाव ठेवलं ‘पथारी’. उद्घाटनाच्या दिवशी आप्पांनी ती पाटी दोनदा वाचली, खाकरले आणि भाऊबंदांबरोबर आत शिरले. बाटली आणि गाठोडं बायकोच्या, सुंदरबाईच्या पिशवीत होतंच.

“हाटेल म्हंजे काय घर शे का, आप्पा? जेवा आज,” दारातच एका चुलतभावाने डिवचलं.

“जठे मन्ही पोरना हात फिरस, ते तिनं घर,” आप्पा म्हणाले आणि विषय मिटला.

स्वयंपाकघराला मोठी काच होती. आप्पा काचेला नाक लावून जे उभे राहिले ते हलेचनात. आत इतकी माणसं, पण आरडाओरडा नाही. एक जण थंडगार दगडी ओट्यावर पिठाची पोळी लाटत होता, तिच्यात लोणी घालून घडी, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. भट्टीतून निघालेल्या त्याच पिठाला वहीच्या पानांसारखे पापुद्रे सुटलेले. पलीकडे रंजिताने चमच्याच्या टोकाने एक रस चाखला, मान हलवली, आणि सबंध पातेलं बाजूला सारून नव्याने सुरुवात केली. आपली पोरगी एवढी मोठी कधी झाली, हे आप्पांना कळेना.

तिने त्यांना पाहिलं आणि खुणेने आत बोलावलं. मंद आचेवर लोण्यात त्यांच्याच शेतातली मिरची शिजत होती, देठ आणि बिया काढलेली. आप्पांनी सवयीने सुंदरबाईला म्हटलं, “नाकले पदर लाव.” पण ठसका आलाच नाही. आला तो एक गोडसर, खोल वास, गुळाच्या कढईजवळ येतो तसा. सगळी हयात जिच्यासोबत काढली त्या मिरचीला असा वास असतो? सुंदरबाई इतक्या वर्षांनी एकाएकी गायला लागली असती तरी आप्पा इतके चकित झाले नसते.

मग त्यांना टेबलाशी बसवलं. जोएल, नवापूरकडचा पोक्त वाढपी, परातीएवढी पांढरी बशी घेऊन आला. बशीच्या मधोमध बोराएवढा एक घास: पापुद्रा, त्यावर भाजल्या वांग्याचा कण, वर लाल रसाचा एक थेंब.

एवढ्या मोठ्या बशीत एवढंसं काय वाढतात? आप्पांना एकच गोष्ट ठाऊक होती, देवापुढचा नैवेद्य. सकाळी पूजा झाली असणार, हा तिचा प्रसाद. पोरीने बापाचा नेम राखला, या विचाराने त्यांना भरून आलं. प्रसाद देवाचा, त्याला कुणी नाही म्हणत नाही. त्यांनी टेबलाखाली वहाणा काढल्या, घास उजव्या हातावर घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

पापुद्रे विरघळले. मग वांगं आलं, धुरकट. सगळ्यात शेवटी मिरची आली, आणि तिने जीभ भाजलीच नाही. जिभेवर हळूच पसरत गेली, जशी संध्याकाळी पथारीवरची ऊब पायांना जाणवते. आप्पांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं.

“प्रसाद झकास शे,” ते पुटपुटले.

“प्रसाद नाही, आप्पा,” जोएल अदबीने म्हणाला. “ही जेवणाची सुरुवात. अजून सहा ताटं यायची आहेत.”

टेबलाभोवतीच्या भाऊबंदांच्या माना वळल्या. रंजिता धावत बाहेर आली, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

“आप्पा, मन्हा मनमा कपट नव्हतं. मी तुम्हले...” तिचे हात पुन्हा रिकामे, तसेच समोर.

सुंदरबाईने घाईघाईने पिशवीतून बाटली काढून पुढे केली. चूळ भरा, चुकून झालं म्हणा, सुटा. आप्पांनी बाटलीकडे पाहिलं. मग लेकीच्या हातांकडे पाहिलं. जन्मभर हिला देतच आलो, त्यांच्या मनात आलं, हिच्याकडून घेतलं मात्र कधी काहीच नाही.

त्यांनी बाटली हळूच बाजूला सरकवली.

“तिखं लागनं, माय,” सुकी मिरची कडाकड चावून खाणारा तो म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “तुन्हा घरनं पानी दे.”