बस धुण्याच्या शेडमधला बाप्तिस्मा

आमच्या चर्चच्या गीतपथकात खालच्या सुरात गाणाऱ्या आम्ही चौघी, आणि त्यात सगळ्यात खणखणीत भोंगा. ती शहर बस चालवते. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस दचकून जागा व्हायचा, म्हणून तिला हे नाव पडलं. आठ वर्षांपूर्वी पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, की भोंगा आणि औषधाच्या दुकानात काम करणारी गोळी एकत्र राहतात, आणि मैत्रिणी म्हणून नव्हे, चांगला संसार थाटून. पुढच्याच रविवारी त्यांनी सांगितलं, "अशा बाईने वेदीजवळ उभं राहून गायचं नाही."

भोंगाचे वडील चर्चच्या मंडळीचे सचिव. पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं टाकलं. मी तर तिच्या शेजारीच उभी होते. माझीही दातखीळ बसली. हे आधीच सांगून मोकळी होते.

भोंगा मात्र दर रविवारी यायची. मागे बसायची. मी एकदा विचारलं, "कशाला येतेस गं अपमान करून घ्यायला?" तर म्हणाली, "मला पाळकांनी काढलंय, येशूने नाही. तू दोघांत गल्लत करू नकोस."

तीन वर्षं कागदपत्रांच्या खेपा घालून त्या दोघींना एक मुलगी दत्तक मिळाली. चौदा महिन्यांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. तिच्या बाप्तिस्म्याचं विचारायला भोंगा पाळकांकडे गेली आणि तिथून तडक माझ्या शिवणाच्या दुकानात आली. त्या बाईचा आवाज गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"म्हणाले, घर नीट नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल."

दुकानात मेट्रन कोटाचं माप देत उभ्या होत्या. वय शहात्तर. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. अंगभर टाचण्या लावलेल्या असतानाच त्या गर्रकन वळल्या.

"घरी पाणी येतं का तुमच्या?"

"येतं की."

"मग अडलंय कुठे? वॉर्डात एखाद्या बाळाचा श्वास अडकला, की पाळकांना निरोप जायच्या आत मी ओंजळभर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायची. त्यातला एकही कुणी खोटा ठरवलेला नाही."

मी म्हटलं, "पण मेट्रन, ती बाळं मरणाच्या दारात होती."

"आणि या दोघींना आठ वर्षं ज्या दारात उभं केलंय, त्याला तू काय म्हणतेस?" मग भोंगाकडे वळून, "येत्या रविवारी. उपासनेच्या आधी. आणि पाणी कोमट हवं, सांगून ठेवते!"

भोंगा एकाच वेळी रडत आणि हसत होती.

ठरलं होतं त्यांच्या घरी, सहा माणसांत. पण मी पथकातल्या दोघींना सांगितलं. त्यांना राहवलं नाही, त्यांनी घरी सांगितलं. गोळीच्या दुकानातून बातमी गल्लीभर झाली. शुक्रवारपर्यंत आकडा चाळिसावर गेला आणि त्या दोघींच्या घरात तर चार खुर्च्या मांडल्या की दार उघडत नाही! शेवटी भोंगाच्या बस डेपोचा फोरमन धावून आला. "बस धुवायची शेड घ्या. रविवारी नऊपर्यंत गाड्या नसतात. पाण्याला तर तोटाच नाही!"

रविवारी सकाळी साडेसातला मी पोचले तर शेडची फरशी आरशासारखी घासलेली. ड्रायव्हर, कंडक्टर गणवेशात हजर. त्यातल्या निम्म्यांनी जन्मात चर्च पाहिलेलं नाही, पण इस्त्री कडक! स्टीलचं पातेलं एका स्टुलावर ठेवलेलं, आणि गोळी दर दोन मिनिटांनी त्यात कोपर बुडवून पाणी बघतेय. पथकातल्या आम्ही तिघी भोंगाशेजारी उभ्या राहिलो. तिने नुसतं तोंड उघडलं आणि अख्खी पत्र्याची शेड घुमली. आठ वर्षांनी आमच्या गाण्याला पाया मिळाला!

मेट्रननी भिंगरीला घेतलं. तिने आधी त्यांचा चष्मा ओढला, मग पातेल्यात हात आपटून पहिल्या रांगेला भिजवून काढलं. सगळे हसले. मेट्रन हसता हसताच म्हणाल्या, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने..." तीन वेळा पाणी पडलं. भिंगरी वर बघत राहिली.

आणि तेवढ्यात शेडच्या दारात भोंगाचे वडील!

काखेत मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही. मला वाटलं, झालं, आता कोण कोण आलंय त्यांची नावं लिहून घेणार. भोंगाने लेकीला छातीशी घट्ट धरलं. म्हातारा सरळ चालत आला, पातेलं बाजूला सरकवलं, स्टूल पुसलं, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"मुलीचं नाव?"

भोंगाने सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"वेलांटी पहिली की दुसरी?"

आठ वर्षांनी बाप लेकीशी बोलला, तो हे! भोंगाला हुंदका आला. गोळीच म्हणाली, "दुसरी, बाबा." त्यांनी लिहिलं. बापाच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी 'पिता' या छापील शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर वळणदार अक्षरात 'आई' लिहिलं आणि दोन रकान्यांत एकेकीचं नाव घातलं.

डेपोतले लोक तर बस वेळेवर सुटल्यासारखे ओरडले!

पाळकसाहेब गप्प बसणारे थोडेच. त्यांनी म्हाताऱ्यांचं सचिवपद काढून घेतलं आणि नोंद खोडायचा ठराव मंडळीपुढे आणला. त्या सभेत हात वर करायची वेळ आली, तेव्हा माझा हात विरोधात वर गेला. इकडे तिकडे बघितलं तर हातच हात! मोजणी दोनदा झाली. ठराव दोन मतांनी पडला. फक्त दोन! भोंगाला पुढे उभं राहून गायची परवानगी अजून नाही. तो अर्ज आम्ही पुढच्या सभेला टाकतोय, आणि या वेळी सह्या आधीच गोळा केल्यात.

बाप्तिस्म्याच्या दिवशी दुपारी मात्र आम्ही मोजकी माणसं भोंगाच्या घरी जेवलो. म्हातारे खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेले. भिंगरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं तर दोन्ही हात तिच्या डोक्यामागे.

"बाबा, मान कशाला धरलीय? चौदा महिन्यांची आहे ती, पळते घरभर!" भोंगा म्हणाली.

"मला काय माहीत," म्हातारे म्हणाले, "मला कुणी सांगितलंय का काही?" आणि मग, चेहरा लपवायला असेल, त्यांनी भिंगरीला उंच उचललं. ती त्यांच्या डोक्यावर इतक्या जोरात ओरडली, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही!" भोंगा खिडकीतून ओरडली. "आमचा आनंद चाललाय!"