पन्नास टक्क्यांचा घोळ

मित्रांनो, मध्ये बोलू नका, आधी नुसतं ऐका! मी एक जुना प्रोसेसर आहे, नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीतल्या संगणकाचा. त्या दुपारच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

कारखान्यात नखाएवढ्या चकतीवर माझे चार कोअर कोरले. कोअर म्हणजे काम करणारं डोकं. प्रत्येक कोअरला दोन थ्रेड. थ्रेड म्हणजे कामाची रांग. समजा, एका कारकुनापुढे दोन रांगा आहेत. एका रांगेतलं गिऱ्हाईक पाकीट शोधत बसलं, की तो दुसऱ्या रांगेतलं घेतो. पण कारकून एकच ना!

नवा होतो तेव्हा काय माझं कौतुक! साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. पुढे पंख्यात धूळ साचली, डब्यावर चहाचे कप आले. फक्त आमची इंजिनियर ताई मऊ ब्रशने पंखा झाडायची.

त्या दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडलं. खालच्या वस्तीत ते शिरणार का, हे माझ्या हिशेबावरून कळणार होतं. ताईने हिशेबाचे चार तुकडे केले, एका कोअरला एक, आणि ती पुलावर पातळी बघायला गेली. मी जीव तोडून कामाला लागलो.

इकडे साहेबांनी माझ्या कामाचे ग्राफ उघडले. आठ चौकोन! थ्रेडचे हो, कोअरचे नव्हे! चार वरच्या टोकाला टेकलेले, चार तळाशी सपाट, कारण प्रत्येक डोक्यापुढे एकच रांग भरलेली. वर आकडा : पन्नास टक्के.

साहेब खुर्चीतून उडालेच. "अरे, निम्मं मशीन फुकट बसलंय! तिकडे वस्ती बुडायची वेळ आली आणि हे आराम करतंय?"

आराम? मी हादरलोच! माझी चारही डोकी फुटायची बाकी होती! पण मला तोंड कुठंय? साहेबांनी चालू हिशेब बंद केला, आठ तुकडे केले आणि पहिल्यापासून सुरू केला. आकडा शंभरावर गेला. साहेब खूश!

ताई आली, स्क्रीन पाहिली आणि ओरडलीच. "साहेब, हे कुणी बंद केलं?"

"मीच. वेग दुप्पट केला की!"

"दुप्पट कसला? डोकी चारच आहेत, साहेब! झालेलं सगळं पुसलं गेलं. आता उत्तर अंधार पडल्यावर येणार."

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "मग... थांबू या?"

"पाणी थांबणार आहे का? वस्ती आत्ताच रिकामी करू या."

"अहो, पण लोकांना बाहेर काढलं आणि पाणी आलंच नाही तर? पुढच्या वेळी कोण ऐकेल आपलं?"

ताईने वस्तीला इशारा देणाऱ्या भोंग्याचं बटण दाबलं. साहेब अनवाणीच धावले, वस्तीतली दारं ठोकत सुटले.

अंधार पडल्यावर मी उत्तर दिलं : पाणी शिरणार. अगदी बिनचूक, मित्रांनो! आणि तेव्हा वस्तीतल्या रिकाम्या घरांत खुर्च्या तरंगत होत्या.

म्हणून सांगतो, आमची धूळ झाडा, आम्हाला गार ठेवा. आणि ग्राफ बघून आम्हाला आळशी म्हणण्याआधी कोअर किती, थ्रेड किती, एवढं तरी विचारा. पण एक खरं सांगा. माझं उत्तर हातात नसताना तुम्ही भोंगा वाजवला असता का?