एकशे अठ्ठावीस वाटांची फळी

मी एक जुनी खिळ्यांची फळी आहे. सागवानाची, हातभर रुंद आणि दीड हात उंच. मित्रांनो, माझ्या अंगावर अठ्ठावीस खिळे आहेत. सगळ्यात वर एक, त्याखाली दोन, मग तीन, अशा सात ओळी, आणि तळाशी आठ खण. वरून काचेची गोटी सोडली की ती प्रत्येक ओळीत एका खिळ्यावर आपटते, डावीकडे नाहीतर उजवीकडे वळते आणि शेवटी एखाद्या खणात जाऊन बसते.

उमरखेडच्या एका सुताराने मला घडवलं, ते शाम नावाच्या खेळवाल्यासाठी. तो जत्रांमधून फिरायचा. माझ्या एका टोकाच्या खणावर त्याने ‘रेडिओ’ लिहिलं, दुसऱ्या टोकाला ‘घड्याळ’. मधल्या खणांत कंगवे, फुगे, गोळ्या. माझ्याभोवती माणसांचा गराडा पडायचा. रोज सकाळी शाम मला तेलाच्या फडक्याने पुसायचा. फार मानाचे दिवस होते ते.

एका जत्रेत किसनराव नावाचा तरुण आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोसाठी, इंदूबाईसाठी, रेडिओ घेऊन येतो असं तो घरी सांगून आला होता. सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्याने गोट्या सोडल्या. दोन्ही खिसे कंगव्यांनी भरले, रेडिओ काही आला नाही. सोबतचे हसले. याचं नशीबच फुटकं, असं कुणीतरी म्हणालं. मान खाली घालून तो निघून गेला. शामने माझा एकही खिळा वाकवला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. पण गोट्या मधेच का जातात, हे मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मीच त्यांना मधे ओढते.

पुढे शाम थकला, जत्रेत विजेचे पाळणे आले आणि मी दिग्रसच्या एका भंगारवाल्याकडे जाऊन पडले. किती पावसाळे गेले, मोजले नाहीत. खिळे गंजले, अक्षरं उडाली. एके दिवशी निशिगंधा मॅडमनी मला तिथून उचललं, घासूनपुसून लख्ख केलं आणि आपल्या शाळेत नेलं. गावाची आणि शेजारच्या बंजारा तांड्याची मिळून ती एकच शाळा.

सातवीत पुष्पा होती, तांड्यावरची. पहिल्याच दिवशी मुलांनी माझ्यावरून एकशे अठ्ठावीस गोट्या सोडल्या. मधे हा मोठा ढीग झाला, टोकांना जेमतेम एक-दोन. बाकीची मुलं पुन्हा गोट्या भरायला लागली, पुष्पा मात्र तशीच उभी.

“मॅडम, आपण तर वरून एकाच जागून सोडून राह्यलो,” ती म्हणाली. “मंग मधातच काहून जातात?”

मॅडमनी तिच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, प्रत्येक खिळ्यापर्यंत पोचायच्या वाटा किती, तेवढं मोजून त्याच्याशेजारी लिही.

मित्रांनो, त्या दुपारी माझं नशीब पालटलं! वरच्या खिळ्याशी तिने एक लिहिला. खाली एक, एक. त्याखाली एक, दोन, एक. मग तिच्या ध्यानात आलं की बोटाने वाटा मोजायची गरजच नाही. वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज केली की खालचा आकडा आपोआप येतो. एक, तीन, तीन, एक. एक, चार, सहा, चार, एक. ती भराभर लिहीत खणांपर्यंत पोचली: एक, सात, एकवीस, पस्तीस, पस्तीस, एकवीस, सात, एक. सगळ्या मिळून एकशे अठ्ठावीस वाटा! दर ओळीची बेरीज वरच्या ओळीच्या दुप्पट होत आली होती. थोड्या कलत्या रेघा मारून तिने आकडे मिळवले, तर एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस असे आले, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. आपण हे ठेवलं नव्हतं, मग आलं कुठून, असं ती मॅडमना विचारत राहिली. मी तर थरारून गेले. एवढं सगळं इतकी वर्षं माझ्या अंगावर होतं, आणि मी कंगवे वाटत बसले होते!

पण आठच दिवसांनी शाळा समितीचे एक सदस्य आले. केस पिकलेले, पाठ वाकलेली. तरी मी ओळखलं. किसनराव! त्यांनीही मला ओळखलं.

“हे जुगाराचं सामान हाय,” ते म्हणाले. “पोरांच्या शाळेत कायले आणलं?”

उद्याच्या उद्या फळी बाहेर टाका, नाहीतर बैठक बोलावतो, असं त्यांनी बजावलं. मॅडम म्हणाल्या, टाकते, पण आधी या मुलीचं ऐका. पुष्पाने त्यांचं बोट धरून वरच्या खिळ्यावर ठेवलं आणि टोकाच्या खणापर्यंत न्यायला सांगितलं. सातही वेळा एकाच बाजूला वळावं लागलं. दुसरी वाट सापडेना. मग मधल्या एका खणाची पाळी आली. बारा वाटा झाल्या, पंधरा झाल्या, किसनरावांचं बोट दुखायला लागलं तरी वाटा संपेनात. ते खाली बसले.

“म्हंजे माह्यं नशीब फुटकं नव्हतं?”

“नाही आबाजी. टोकाले वाटच एक हाय.”

किसनरावांनी हळूच सांगितलं की त्या जत्रेपासून पेरणीची पहिली मूठ त्यांनी कधी धरली नाही, मुलीचं लग्न ठरवतानाही बाहेर ओट्यावर बसून राहिले. आपला हात लागला तर बिघडेल, या भीतीने. मला, एका लाकडाला, तेव्हा रडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते इंदूबाईंना घेऊन आले आणि स्वतः एकेक वाट दाखवू लागले. इंदूबाई हसत म्हणाल्या, “चाळीस वर्सं मी सांगून राह्यली होती. तवा पटलं नाही, आता आकड्यानं पटलं?” मला बाहेर टाकायची गोष्ट तिथेच संपली.

आता ऐका सगळ्यात नवलाची गोष्ट. पुष्पाची आई जमनी शाळेत खिचडी रांधते. ती शाळा शिकलेली नाही, पण तिच्या हातचं आरशांचं भरतकाम अख्ख्या तांड्यात नावाजलेलं आहे. तिने लेकीला विचारलं, यातले एकी कोणते, बेकी कोणते? आणि प्रत्येक एकीवर तिने एक आरसा चिकटवला. सत्तावीस आरसे लागले. मधे एक मोठा उलटा त्रिकोण रिकामा राहिला, भोवती तीन लहान, आणि बाकी सगळीकडे त्रिकोणात त्रिकोण लखलखायला लागले. खालच्या आठही खणांवर आरसे होते.

फळी संपली, म्हणून पुष्पा पुढची ओळ मांडायला माझ्या खालच्या भिंतीकडे वळली, तेव्हा जमनीने तिला थांबवलं.

“दोनच आरसे लागतीन, दोन टोकाले. बाकी रिकामं.”

“याडी,” पुष्पाने आईला हाक मारली, “अजून बेरीज केलीच नाही, तुले कसं माहीत?”

“आरशाशेजारी आरसा आला की खाली रिकामं पडते. वर पाह्य नं.”

पुष्पाने बेरीज केली. एक, आठ, अठ्ठावीस, छप्पन्न, सत्तर, छप्पन्न, अठ्ठावीस, आठ, एक. मधे एकसुद्धा एकी नाही! निशिगंधा मॅडमनी खडू उचलून जमनीच्या हातात दिला. ओला हात पदराला पुसून जमनीने आयुष्यातला पहिला आकडा भिंतीवर काढला: एक.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना गंजू देऊ नका. अधूनमधून तेलाचं फडकं फिरवा, आणि फेकण्याआधी आमच्या अंगावरच्या वाटा एकदा मोजून बघा. माझ्या खालच्या भिंतीवर आता सोळावी ओळ चालू आहे, पुन्हा सगळीकडे आरसेच. आरसे कमी पडलेत, आणि जमनी म्हणते की पुढे काय येणार ते तिला दिसतंय.