मास्तरांचा चुकलेला ठोका

मी एक जुना लोखंडी डंबेल आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची हृदये ऐकू येतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढची हकिगत तुम्हाला खरी वाटणार नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ओल्या वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड ओतले गेले आणि त्यातून मी आणि माझा जुळा भाऊ असे दोघे बाहेर आलो. ओतणारा माणूस म्हातारा होता. आम्ही निवल्यावर त्याने कानशीने आमच्या कडा घासल्या, मुठीवर खरबरीत खाचा पाडल्या आणि पारख करायला मला घट्ट धरून उचलले. तेव्हा ते मला पहिल्यांदा ऐकू आले. धप्, धप्, धप्. मला वाटले, जवळपास कुठे घण चालला असेल. पण त्याने मला खाली ठेवले आणि आवाज थांबला. पुन्हा उचलले, पुन्हा सुरू झाला. मूठ आवळली की बोटांतली नाडी लोखंडात उतरते, हे मला सावकाश कळले.

आम्हा दोघांना मास्तरांनी विकत घेतले. त्यांची व्यायामशाळा एका बेकरीखालच्या तळघरात होती. छताजवळ एकच आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. वरच्या भट्टीमुळे भिंती बाराही महिने कोमट असत आणि छताच्या फळ्यांच्या फटींतून पिठाची बारीक पूड गळत राही. रोज सकाळी मास्तर फडक्याने आम्हाला पुसत, तरी दुपारपर्यंत आम्ही पुन्हा पांढरे होत असू.

मास्तरांची मान आणि डोके एकाच जाडीचे होते. सदऱ्याचे वरचे बटण त्यांना जन्मात कधी लागले नाही. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, 'येथे पळू नये.' कोणी कारण विचारले तर म्हणत, "पळतो तो चोर. आपण काय चोरलंय?" त्यांची सारी भिस्त वजनांवर होती. वजन उचलले की हृदयाचेही काम झाले, असे ते छातीठोकपणे सांगत.

माझे उमेदीचे दिवस फार चांगले गेले. हमाल आले, टंकलेखिका आल्या, कोर्टातला एक लठ्ठ कारकून आला आणि वर्षभरात पट्ट्याला दोन नवी भोके पाडून गेला. जाताना त्याने माझी मूठ कुरवाळली होती. या सगळ्यांची हृदये ऐकता ऐकता मला एक गोष्ट समजली. जो माणूस मला आठ वेळा उचलून पाच मिनिटे बाकावर गप्पा छाटत बसे, त्याचे हृदय चार पावले धावे आणि त्याच्याबरोबर बाकावर बसून घेई. जो मला ठेवताच बैठकांना लागे, बैठका संपताच दोरी ओढायला जाई आणि तिथून पुन्हा माझ्याकडे येई, त्याचे हृदय चढ चढू लागे आणि चढतच राही. वजन तेच. फरक मधल्या बसण्याचा. मास्तरांना हे सांगायला मला तोंड नव्हते.

मास्तर स्वतः सकाळी सहाला, इतर कोणी यायच्या आत, व्यायाम करत. आधी आम्हा दोघा भावांना उचलत, मग मोठी वजने, आणि दर खेपेनंतर ऐसपैस विश्रांती. त्यांचे हृदय मोठे आणि संथ होते. बरीच वर्षे ते तसेच होते. मग एका सकाळी मला तीन ठोके ऐकू आले आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही. जिना उतरताना एक पायरीच नसावी आणि पाय तसाच खाली जावा, तशी ती रिकामी जागा होती. मग पुन्हा तीन ठोके, पुन्हा ती जागा. मास्तरांनी मला खाली ठेवले, छाती चोळली आणि ढेकर द्यायचा प्रयत्न केला.

दुपारी बारा ते चार तळघर बंद असे. त्या दिवशी बाराला मास्तर कुलूप लावून गेले. खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत येत होती. माणूस नव्हता, हात नव्हता, आणि माझ्या मुठीत आवाज सुरू झाला. धप्, धप्, धप्, आणि मग काहीच नाही.

मित्रांनो, हात सुटला की आवाज थांबतो, हा माझा तोवरचा अनुभव होता. मी घाबरलो. माझ्या अंगावरची पिठाची पूड प्रत्येक ठोक्याला किंचित उडत होती. शेजारी माझ्या भावाच्या अंगावरचीही उडत होती, त्याच वेळी, तीच जागा सोडून. चार वाजता कुलपात किल्ली फिरली तेव्हा कुठे ते थांबले. दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा सुरू झाले. मग रोजच. पुढे पुढे ते माणसांच्या गजबजाटातही थांबेनासे झाले, पण एवढ्या गोंगाटात कोणाचे लक्ष जाणार?

लक्ष गेले ते घड्याळवाल्या बाईंचे. बेकरीपासून तिसरे दुकान त्यांचे. वय अठ्ठावन्न, डोळ्याला भिंग लावून लावून एका भुवईला कायमची आठी पडलेली. एका सकाळी त्या कठडा धरून पायऱ्या उतरल्या.

"मास्तर, डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास हृदयाला कामाला लावा. पण माझा गुडघा चालतानासुद्धा कुरकुरतो. वजनं उचलली तर ते त्यात धरतात का?"

"धरतात म्हणजे काय? वजन उचललं की हृदय आपोआप उचललं जातं. निराळं पळवायचं कशाला?"

"तुमचं कसं आहे मग?"

"बैलासारखं."

बोलता बोलता बाईंनी मला दोन्ही हातांनी उचलले, आणि त्या बोलायच्या थांबल्या. मला त्यांनी कानाशी नेले, जसे एखादे घड्याळ नेतात. मग स्वतःच्या मनगटावर बोट ठेवले.

"हे माझे ठोके. ह्याच्यातले वेगळे आहेत. आणि हा दर चौथा ठोका गाळतोय."

मास्तर हसले. "वर कणीक मळायचं यंत्र चालू असेल."

"यंत्र असं अडखळत नाही. मी तीस वर्षं घड्याळं ऐकतेय, लंगडं घड्याळ मला दारातून कळतं. ह्याला सकाळी कोण उचलतं?"

"मीच."

बाईंनी मला जागेवर ठेवले आणि तळहात पदराला पुसले. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या.

मास्तरांना एक मुलगी होती. ती टपाल वाटायची, दिवसभर पायी फिरायची, आणि बाराच्या आत वडिलांना डबा आणून द्यायची. एकदा मास्तर वर बेकरीत गेले असताना ती बाईंजवळ बसली आणि मन मोकळे करू लागली.

"मावशी, नवीन घर घेऊन दोन वर्षं झाली, बाबा एकदाही आले नाहीत. जिना अरुंद आहे म्हणतात. तिसरा मजला आहे, पण जिना काही अरुंद नाही. मला वाटतं, माझं काहीतरी चुकलंय."

बाईंनी हातातली वजने खाली ठेवली. "तुझं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या डबा जरा लवकर आण."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मास्तरांना गाठले. "पंधरा मिनिटं माझ्याबरोबर व्यायाम करा," म्हणाल्या. हलकी वजने, पाच प्रकार, एक संपला की लगेच दुसरा, मध्ये बसायचे नाही आणि सगळा वेळ गप्पा मारायच्या. "डॉक्टरांनी खूण सांगितली आहे. बोलता आलं पाहिजे आणि गाता येऊ नये. तेवढा दम लागला तर ते हृदयाच्या व्यायामात धरायचं."

"एवढंच? हा तर पोरखेळ आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आम्हा दोघा भावांना उचलले.

बाईंनी दोन-दोन किलोची वजने घेतली. स्टुलावरून उठत, बसत, हात वर करत त्या एका आडमुठ्या भिंतीवरच्या घड्याळाची गोष्ट सांगू लागल्या. श्वास फुलत होता, पण वाक्य पुरे होत होते. मास्तरांनी सुरुवातीला दोन विनोद केले. पाचव्या मिनिटाला त्यांची वाक्ये आखूड झाली. सातव्याला नुसते हुंकार राहिले. साठ किलो डोक्यावर नेणारा तो माणूस दहा-दहा किलो घेऊन ओठ घट्ट मिटून उभा होता, आणि त्याच्या दोन्ही तळव्यांतून मला जे ऐकू येत होते त्याला ठोके म्हणता आले नसते. कोंडलेल्या गुरांनी दारावर धडका द्याव्यात, तसे ते होते.

"हे... काय..." मास्तर म्हणाले आणि बाकावर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता.

बाईंनी त्यांचे मनगट धरले. दुसरा हात माझ्यावर ठेवला. "मास्तर, दोन्हीकडे तेच आहे," त्या हळू म्हणाल्या.

तेवढ्यात मुलगी डबा घेऊन पायऱ्या उतरली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. "जिना अरुंद नाही गं," ते म्हणाले. "पहिल्या मजल्यावरच माझा दम संपतो. दोनदा तिथूनच परत फिरलो. तुला कोणत्या तोंडाने सांगणार?"

डबा तिथेच ठेवून तिने त्यांना बखोटीला धरले आणि सरळ दवाखान्यात नेले. हृदयाकडे जाणारी एक वाट जवळजवळ बुजली होती, असे मला पुढे बाईंच्या बोलण्यातून कळले.

तळघर पाच आठवडे बंद राहिले. तो काळ आठवला की आजही माझ्या मुठीवर ओल येते. कारण ते लंगडे ठोके माझ्यात चालूच होते, आणि रिकामी जागा वाढत होती. आधी दर चौथा ठोका जात होता, मग दर तिसरा, मग एक सोडून एक. मला वाटले, तिकडे मास्तर जात आहेत आणि इकडे मला कळते आहे. पूड आमच्या अंगावर साचून थर झाला होता, आणि तो थर उशिरा उशिरा थरथरत होता.

पण मास्तर परत आले. बारीक झाले होते, सदऱ्याचे वरचे बटण लावलेले होते. डॉक्टरांनी हळूहळू व्यायामाला परवानगी दिली, तेव्हा त्यांनी मला उचलले, आणि मला दोन मास्तर ऐकू आले. एक हातातले, नीट, सारख्या चालीचे. दुसरे लोखंडातले, अजून लंगडत असलेले. हातातल्या मास्तरांनाही ते जाणवले असावे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि व्यायाम सुरू ठेवला.

त्यांनी दारावरची पाटी काढली. रोज सकाळी ते मुलीबरोबर तिच्या टपालाच्या पहिल्या गल्लीपर्यंत चालत जाऊ लागले. नव्या माणसांना सांगू लागले, "हलकं वजन घ्या, श्वास कोंडू नका, मधे फार बसू नका, मग ते हृदयालाही लागू पडतं. पण तेवढ्यावर भागवू नका. चालायलाही पाहिजे. मी भागवत होतो."

मग ती सकाळ आली. अकरा वाजले असतील. बाई स्टुलावर होत्या, मुलगी पत्रांची पिशवी खांद्याला लावून नुकतीच आली होती. मास्तरांनी मला अर्धे वर उचलले होते. माझ्यात एक ठोका पडला. मग रिकामी जागा. ती लांबली. आणखी लांबली. तळघरात वरच्या भट्टीचा सुद्धा आवाज नव्हता. मी पुढच्या ठोक्याची वाट पाहिली. तो आला नाही.

मास्तर तसेच उभे राहिले, हात अर्ध्यात.

"थांबलं," ते म्हणाले.

मुलीने पिशवी टाकली आणि त्यांचे मनगट पकडले. ते चालू होते, चांगले चालू होते. बाई लंगडत आल्या, माझ्यावर कान टेकला, मग माझ्या भावावर टेकला. "दोन्ही बंद पडले," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मला इतके हळू खाली ठेवले की फरशीला कळले नसेल. "दवाखान्यात गेलो नसतो," ते मुलीला म्हणाले, "तर आजपर्यंतच होतो मी."

ती त्यांना बिलगून रडली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि वेळ एका कागदावर टिपून ठेवली. का, ते त्यांनाच ठाऊक. मी मात्र आमच्यावर पडत असलेली पूड पाहत होतो. ती आता जिथे पडत होती तिथेच राहत होती.

त्यानंतर मास्तरांनी आम्हाला कधी उचलले नाही. एका जुन्या टॉवेलात गुंडाळून आम्हाला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवले आहे. कोणी नवखा हात घालू लागला तर ते म्हणतात, "ते राहू दे, दुसरे घे." दर रविवारी ते मुलीच्या घरी जेवायला जातात. दुसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबतात, असे ऐकतो. माझ्या खाचांत गंज धरला आहे. भाऊ तर माझ्याहून आधी तांबूस झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल लावा, अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. माझी अडगळ मला पुरे आहे. तुमच्या घरात बळकट म्हणून मिरवणारे कोणी असेल, वडील, काका, थोरला भाऊ, तर त्याला एकदा जिना चढताना गोष्ट सांगायला लावा. वाक्य अर्धवट राहिले तर हसू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि स्वतःच्या मनगटावर दोन बोटे ठेवून अधूनमधून ऐकत जा. एका माणसाचे न झालेले मरण मी माझ्यात शेवटपर्यंत ऐकले आहे. दुसऱ्याचे मला पेलवणार नाही.