सात टेपा बारा इंच

"तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही," असं म्हणून मास्तरांनी कापडावर खडूची रेघ ओढली, कात्री उचलली आणि ती तशीच हवेत धरून ठेवली. "पण ती शेड आज माझ्या खिडकीला येऊन टेकलीय. स्वतःच्या पायांनी चालत."

बाकावर बसलेल्या पोस्टमननं मांडीवरची पिशवी बाजूला सरकवली. अजून निम्मी गल्ली वाटायची होती. पण मास्तरांनी गोष्ट काढली की त्याचे पाय जड व्हायचे.

"निघाली कधी होती ती तिकडून?" त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून निघालेलीच आहे. आपलं लक्ष नव्हतं एवढंच."

"वाटेत चहाला नाही थांबली?" बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. त्या एप्रनचा तुटलेला बंद शिवून घ्यायला आल्या होत्या.

दोघांनी खिडकीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि दोघांनाही हसू फुटलं. मशीनवर बसलेली सूनही हसली. काल संध्याकाळपासून ती सासऱ्यांच्या तोंडून खिडकीबद्दल काहीतरी ऐकायची वाट पाहत होती. हे असं काही निघेल, असं तिला वाटलं नव्हतं. पण म्हाताऱ्याचा स्वभाव तिला ठाऊक होता.

"हसा," मास्तर म्हणाले. "तुमच्या अंगणात नाही आली ना ती अजून."

शेड होती शेजाऱ्याची. शेजारी जुन्या दारा-खिडक्यांचा व्यापार करायचा. कुठं घर पाडायला घेतलं की पहिला घण पडायच्या आत हा टेम्पो घेऊन हजर. म्हणून सगळे त्याला दरवाजेवाला म्हणायचे. तीन महिन्यांपूर्वी त्यानं अंगणात चार लोखंडी खांब रोवले, त्यावर गंजके पत्रे टाकले आणि भिंती म्हणून कुणीही विकत न घेतलेली दारं उभी केली. एक हिरवं, त्यावर चौदा नंबर तसाच. एक न्हाणीघराचं, खालून कुजलेलं. एकाला पत्रं टाकायची फट. कुणाची उंची कुणाशी जुळत नव्हती. मास्तरांच्या खिडकीच्या उजव्या अंगाला हे ध्यान येऊन उभं राहिलं आणि पलीकडचा कालवा, निलगिरीची रांग आणि पाण्याच्या टाकीवरचं घड्याळ यांतलं निम्मं गिळून बसलं.

मास्तर त्याच दिवशी गळ्यात टेप अडकवून भांडायला गेले होते.

"चाळीस खिडक्यांचा धनी तू, आणि माझी एकुलती एक बुजवतोस?"

"बुजवली कुठं, मास्तर? माझ्या हद्दीत आहे, मोजून घ्या. आणि हवी तर एक खिडकी तुम्हाला देतो. सागवानी आहे."

"तिच्यातून काय दिसेल?"

"जिथं बसवाल तिथलं दिसेल."

गल्ली आठवडाभर यावर हसली. मास्तरांना हसू आलं नाही. शिंप्याला खिडकी हवेसाठी लागत नाही. दोऱ्याचा रंग दिव्याखाली जुळवता येत नाही. कापड आणि रीळ दोन्ही उचलून खिडकीशी न्यावी लागतात. गडद निळा आणि काळा यांतला फरक फक्त बाहेरचा उजेड सांगतो. मास्तरांच्या वडिलांनी या एका गोष्टीवर दुकान उभं केलं होतं आणि याच एका गोष्टीवर ते सोडलं होतं. त्यांचा नियम होता: कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची, ज्याला हवी त्यानं उचलायची. हातात द्यायची ती एकदाच. ज्या दिवशी दोऱ्याचा रंग चुकेल, त्या दिवशी, दुकानासकट.

"बरं, मग चालत आली, पुढं?" पोस्टमननं आठवण करून दिली.

"पुढं काय! मी रोज सकाळी मोजत होतो. चौकटीपासून तिच्या पहिल्या खांबापर्यंत. पहिल्या दिवशी सात टेपा आणि बारा इंच. आठवड्यानं सहा. मग पाच. पाच दिवस लेकीकडं जाऊन आलो, तर आज बघतो, टेप उघडायलासुद्धा जागा नाही!"

"टेप आटली असेल धुण्यात," काकू म्हणाल्या.

"माझी टेप पन्नास वर्षांत आटली नाही."

इथं मास्तर एक गोष्ट लपवत होते. खिडकीच्या चौकटीखाली, जिथं कुणी वाकून बघत नाही, तिथं त्यांनी खडूनं रोजचं माप लिहून ठेवलं होतं. सात-बारा. त्याखाली सात-बारा. त्याखाली पुन्हा सात-बारा. अडीच महिन्यांत माप एका दोऱ्याइतकंही हललं नव्हतं. टेप म्हणत होती शेड जागेवर आहे, आणि डोळे म्हणत होते ती जवळ येतेय. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मास्तर टेपचं टोक खांबाला धरून अंगणात उभेच राहिले होते.

"आणि नुसती येत नाही," मास्तरांनी आवाज खाली आणला. "त्या दारांतलं एखादं उघडतं. मधूनच. हिरवं असेल नाहीतर ते फटवालं. आत काही दिसत नाही. काळोख म्हणावा तर काळोखही नाही, नुसतं तपकिरी. जुन्या चहासारखं. मग ते बंद होतं, आणि बंद झालं की आधी दिसत होतं त्यातलं थोडं आत गेलेलं असतं. मागच्या आठवड्यात निलगिरीचं शेवटचं झाड गेलं. त्याआधी टाकीवरचं घड्याळ गेलं."

"काट्यांसकट?"

"काट्यांसकट."

पोस्टमननं मांडीवर थाप मारली. "मास्तर, आज तुम्ही कमाल करताय. नसलेल्या..." तो थांबला, कारण दारात दरवाजेवाला येऊन उभा राहिला होता. पँटचं माप द्यायला बोलावलं होतं त्याला. आठ दिवसांपासून आज-उद्या करत होता. त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास यायचा आणि बोलण्याआधी खोकायची सवय होती, त्यामुळं मास्तरांनी मान न वळवता ओळखलं.

"या, शेडचे मालक," ते म्हणाले. "तुमचीच कीर्ती चाललीय."

दरवाजेवाला खोकला. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि गालातल्या गालात हसत बाकाच्या टोकाला बसला. चार शब्द गोड ऐकायला मिळतील अशा बेतानं माणूस बसतो, तसा.

"चालू द्या," तो म्हणाला. "मी ऐकतो."

ऐकणारा आणखी एक आला म्हटल्यावर मास्तरांना थांबायला हवं होतं, की आणखी रंगवायला, हे त्यांनाच कळेना. त्यांनी कात्री दोनदा नुसतीच हवेत चालवली.

"खरी गोष्ट तर पुढंच आहे. लेकीकडं जायच्या आदल्या दिवसाची. जेवण झालं होतं, मी खिडकीकडं पाठ करून बसलो होतो. समोर ही भिंत. कोरी, चुना दिलेली. आणि बघतो तर ती भिंतीवर! तीच शेड. उजव्या अंगाला, होती तशीच. मी मान वळवली, ती वळली. मी छताकडं पाहिलं, ती छताला. म्हटलं, ही आता घरात शिरली. डोळे मिटले..."

"मग?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं हसू थोडं कमी झालं होतं.

"मग काय. मिटल्यावर कुणाला काय दिसतं?"

मशीन चालू होतं, पण त्याचा वेग बदलला. सुनेचा पाय पायडलवर अर्धवट थांबत होता.

मास्तर जे सांगत नव्हते ते असं. त्यांचे वडील शेवटच्या वर्षात अंगणाकडे हात करून ओरडायचे, "ती दोरीवरची चादर काढा रे कुणीतरी!" दोरीवर चादर नसायची. कधीकधी दोरीही नसायची. तेव्हा मास्तर विशीतले होते आणि मित्रांना वडिलांची नक्कल करून दाखवायचे. लोक पोट धरून हसायचे. गोष्ट रंगवायची सवय तिथूनच लागली.

आणि दुसरं. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांचा गडद निळा कोट त्यांनी शिवून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी बटणं लावायला घेतला तेव्हा अंगठा खांद्याच्या शिवणीवरून गेला आणि थांबला. मास्तरांचे टाके इंचाला नऊ पडायचे. हे अकरा होते. अकरा टाके घरात फक्त सून घालायची. म्हणजे सगळी शिवण उसवून पुन्हा घातली होती. आणि दोरा बरोबर असेल तर शिवण कुणी उसवत नाही. मास्तरांनी बटणं लावली. सुनेनं कोट इस्त्री केला. त्या दिवशी गिऱ्हाइकाला मास्तरांनी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "काय करणार, त्या शेडनं सगळा उजेड खाल्लाय."

तेव्हापासून ते दरवाजेवाल्याशी भांडायचे थांबले. शेड काढ म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. गल्लीला वाटलं, म्हातारा दमला. दरवाजेवाल्यालाही तसंच वाटलं, आणि रोज सकाळी टेप घेऊन गुपचूप अंगणात येणाऱ्या माणसाला बघून तो मुद्दाम आतच थांबू लागला. मास्तरांना आता भीती एकाच गोष्टीची होती: उद्या कुणी ती शेड खरंच काढली तर?

"आणि आज," मास्तर म्हणाले, "आज तर तिनं हद्द केली. सकाळी उठून इथं बसलो, म्हटलं बघावं पाच दिवसांत कुठवर आली. तर हे असं." त्यांनी कात्रीचं टोक खिडकीकडे केलं. "चौकटीला चिकटून. तो चौदा नंबर मी इथून हातानं पुसून काढीन. त्या फटीतून आतलं कुणीतरी माझ्याकडं बघतंय. बघा, बघा तुम्हीच! दिसतंय की नाही?"

कुणी हसलं नाही. पोस्टमन खिडकीकडे बघत होता आणि त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. काकूंनी एप्रन छातीशी धरला. मास्तरांनी कात्रीचं टोक तसंच खिडकीकडे धरून ठेवलं होतं.

मशीन थांबलं.

"बाबा," सून म्हणाली.

दरवाजेवाला खोकला. एकदा, मग पुन्हा.

"मास्तर, चेष्टा करताय ना?"

"मी? चेष्टा?"

"शेड नाहीये तिथं. मी शुक्रवारीच उतरवली. तुम्ही लेकीकडं होता. या सूनबाईंच्या देखत उतरवली, दारंसुद्धा टेम्पोत घालून पाठवून दिली." त्याचा आवाज चाचरला. "तुम्हाला बरं वाटेल म्हणून. मला वाटलं, आल्या आल्या काहीतरी म्हणाल."

मास्तर हसले. सवयीनं. मग ते हसू ओठांवर तसंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

"टाकी दिसते?" त्यांनी विचारलं.

"दिसते," काकू म्हणाल्या.

"घड्याळ?"

"अकरा वाजून दहा मिनिटं."

मास्तरांनी डावा हात उचलला आणि हळूहळू, समोर काही लागेल अशा अंदाजानं, खिडकीतून बाहेर घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. बोटं पसरली. शेड चौकटीला टेकलेली असती तर इथं सावली असती. हातावर ऊन पडलं. चांगलं चटका बसेल असं, पार कोपरापर्यंत. त्यांनी तळवा उलटा केला, सुलटा केला. ऊन दोन्हीकडून लागलं.

बराच वेळ हात तसाच बाहेर राहिला. मग त्यांनी तो आत घेतला. उजव्या हातातल्या कात्रीची पाती अंगठ्यानं चाचपून मिटवली, ती उलटी केली, आणि मुठीची बाजू पुढं करून मशीनच्या दिशेनं धरली.

सुनेनं हात पुढं केला नाही. तिनं मशीनही पुन्हा सुरू केलं नाही.