दारासमोर गाडी लावू नये

नववीपर्यंत माझा आवाज इतका बारीक होता की हजेरीला 'हजर' म्हटलं तरी बाई पुन्हा नाव घ्यायच्या. दहावीत एकदा सूचना वाचणारी मुलगी आली नाही, म्हणून सकाळच्या सभेत मला माईकसमोर ढकललं. काय झालं कोण जाणे, आठशे पोरं गप्प बसली. त्या दिवसापासून मी मात्र गप्प बसले नाही. वक्तृत्व, वादविवाद, स्नेहसंमेलनाचं निवेदन, जिथे माईक तिथे मी. आई मला 'भोंगा' म्हणायला लागली. ''भोंगा, आवाज जरा कमी कर, ब्रश हलतोय माझा.''

आई पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, फाटकांवरच्या. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना: भिंतीला टेकवलेले पत्रे, डब्यात उभे ब्रश आणि सगळ्यावर टर्पेंटाइनचा वास. लोक म्हणायचे, छापल्यासारखं अक्षर आहे हो. आईला ते आवडायचं नाही. ''छापल्यासारखं म्हणजे काय? छापणाऱ्यांनी म्हणावं, हिच्यासारखं.''

तिच्या यकृतात गाठ निघाली ती कॅन्सरची. सर्जननी यकृताचा मोठा भाग काढला. उरलेलं परत वाढतं म्हणे. ''पालीच्या शेपटीसारखं?'' मी विचारलं. सर्जन हसले आणि म्हणाले, ''साधारण.'' मला वाटलं, चला, कठीण भाग संपला.

घरी सोडायच्या दिवशी वॉर्डातल्या मोठ्या नर्सनी मला आणि बाबांना बाजूला घेतलं. बाबा बस चालवतात. समोरचा सिग्नल कधी बदलेल म्हणून बघावं तसे ते नर्सच्या तोंडाकडे बघत होते.

''यकृत अजून लहान आहे,'' नर्स म्हणाल्या. ''शरीरातलं विष शरीरातलं विष सगळं नीट गाळलं जाणार नाही. मग ते रक्तातून डोक्यात जातं. माणूस हळूहळू गोंधळायला लागतं आणि त्याला स्वतःला कळतही नाही. घरच्यांनीच ओळखायचं. म्हणून रोज त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या. रोज तीच. अक्षर बिघडलं की लगेच फोन. आणि हे सिरप, दिवसातून तीनदा. दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं. पोट तुंबलं की सगळं तुंबलं.''

''मी करते,'' मी म्हणाले. ''ओळ, सिरप, सगळं माझ्याकडे.''

''वा,'' नर्स म्हणाल्या.

आई काय काम करते हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. लपवलं असं नाही. आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, त्यामुळे सांगायची गोष्ट आहे असं डोक्यातच आलं नाही.

घरी आल्या आल्या मी नवी वही काढली, समास आखला, तारखा टाकल्या.

''काय लिहू?'' आईनं विचारलं. ती पुढच्या खोलीतल्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. पोटावर टाक्यांची रांग, आणि गालफडं अशी बसलेली की दात मोठे वाटत होते.

''लिही, मी आज बरी आहे.''

''खोटं बोलायला लावतेस आल्या आल्या?''

''मग तुला काय हवं ते लिही. पण रोज तेच लिहायचं.''

तिनं पेन घेतलं आणि एका दमात लिहिलं: कृपया दारासमोर गाडी लावू नये.

मी इतकी हसले की बाबा स्वयंपाकघरातून धावत आले. ही तिची सर्वात जास्त खपणारी पाटी. वर्षाला शंभर तरी रंगवत असेल. बाबा म्हणाले, ''माझ्यावरच टोमणा आहे हा. मी बस घरी आणतो की काय?''

आई हसली आणि पोट धरून म्हणाली, ''हसवू नका रे, टाके दुखतात.''

पहिले पाच दिवस मी म्हणजे काय थाटात होते! शाळेला जाण्याआधी ओळ, सिरप, गोळ्या. वहीत टिकमार्क. गणिताच्या सरांनी गृहपाठाचं विचारलं तर मी म्हणाले, ''सर, घरी पेशंट आहे, मी इनचार्ज आहे.'' ओळ रोज तशीच येत होती. सरळ, ठसठशीत, अक्षरांमधलं अंतर मोजून घेतल्यासारखं.

सिरपवरून मात्र रोज भांडण. ते चिकट आणि इतकं गोड की चमचा ओठांना डकायचा. प्यायलं की तासाभरात आईला उठून धावायला लागायचं, आणि टाक्यांमुळे प्रत्येक वेळी उठणं म्हणजे एक मोहीम. मी हाताखाली हात घालून तिला उभी करायची, ती डोळे मिटून दात आवळायची.

सहाव्या दिवशी ती म्हणाली, ''हे बघ भोंगा, तू वादविवाद करतेस ना? मग ऐक. हे औषध कशासाठी? डोकं बिघडू नये म्हणून. डोकं बिघडलं हे कशावरून कळतं? अक्षरावरून. बघ अक्षर.'' तिनं वही माझ्यापुढे धरली. ''सांग, काय बिघडलंय?''

''काही नाही.''

''मग तीनदा कशाला? एकदा पुरे.''

मी सहाही ओळी परत परत बघितल्या. एकावर एक ठेवल्या असत्या तर तंतोतंत जुळल्या असत्या. मुद्दा बिनतोड होता. मला स्वतःला सुचायला हवा होता इतका बिनतोड. आणि तिला त्रास होताना मला बघवत नव्हतं, हेही खरं.

''ठीक आहे,'' मी म्हणाले. ''फक्त सकाळी.'' आणि वहीत तशी नोंदही केली.

दोन दिवसांनी बाबा बूट घालता घालता माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ''अगं, तुझी आई जरा विचित्र वागतेय का? काल मला दोनदा विचारलं, आज सुट्टी आहे का. अंगावर गणवेश होता माझ्या. आणि दुपारभर झोपते, रात्री टक्क जागी.''

''बाबा, इतकं मोठं ऑपरेशन झालंय. थकणार नाही का माणूस?''

''तसं नाही. परवा चष्मा लावला होता आणि चष्मा शोधत होती.''

''तुम्ही आठवड्यातून तीनदा शोधता.''

''डॉक्टरांना एक फोन करू या का?''

मी वही उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. ''आठ दिवस, आठ ओळी. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. नर्सनी काय सांगितलंय? अक्षर बिघडलं की फोन. हा पुरावा आहे, बाबा. तुमच्याकडे काय आहे? वाटणं!''

बाबांनी ओळी पाहिल्या. बोट लावून एकेक पाहिली. मग लेस बांधली आणि म्हणाले, ''तू म्हणतेस तर.'' माझ्याशी वाद घालणं त्यांना जमत नाही. आता तर कोणालाच जमत नाही, असं मला त्या सकाळी शाळेत जाताना वाटलं होतं. मी चक्क शीळ घालत गेले.

नवव्या दिवशीही ओळ तशीच होती. मी टिकमार्क केला.

दहाव्या दिवशी शनिवार, अर्धी शाळा. सकाळी आई गाढ झोपली होती, म्हणून ओळ दुपारी घेऊ म्हटलं. एक वाजता घरी आले तर दार उघडं. पुढच्या खोलीत आई उभी होती. आधाराशिवाय. मला आधी आनंदच झाला.

मग मी भिंत पाहिली. तिनं काळ्या रंगाचा डबा उघडला होता आणि भिंतीवर लिहीत होती. कृपया दारासमोर गाडी लावू नये. त्याखाली तेच. त्याखाली तेच. खिडकीपर्यंत आल्यावर तिनं काचेवर लिहिलं होतं, मग कपाटावर, मग पलंगावरच्या चादरीवर. एकेक ओळ आखल्यासारखी सरळ. एका अक्षराला ओघळ नाही. तिचे हात मात्र कोपरापर्यंत काळे होते.

''आई?''

तिनं वळून पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेनं पाहिलं. ''परवा मिळेल,'' ती म्हणाली. ''वाळायला वेळ लागतो.''

''आई, मी आहे.''

''परवा या.''

ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि जिथे ब्रश उचलला होता तिथूनच पुढे लिहायला लागली. मी ओरडले. मला ओरडता येतं, चांगलं येतं, आठशे पोरांना ऐकू जातं. तिनं मानही वळवली नाही.

बाबांना फोन केला तेव्हा ते कुठल्याशा थांब्यावर होते. मी काय बोलले मला आठवत नाही. बाबांना तेवढं आठवतं, मी एकच शब्द बोलत होते, ''चुकलं.''

हॉस्पिटलात त्याच नर्स होत्या. मी वही दिली. त्यांनी पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली.

''हे... पेशंटनी लिहिलंय?''

''आई पाट्या रंगवते,'' मी म्हणाले. ''वीस वर्षं. हीच पाटी.''

नर्सनी शेवटच्या पानावरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, ''म्हणजे हे तिचा हात लिहीत होता गं. त्याला डोकं लागतच नाही.''

''आणि सिरप मी एकदाच देत होते. वहीत लिहिलंय.'' मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वही मिटली आणि म्हणाल्या, ''हे डॉक्टरांना सांगू या. लपवायचं नाही. चल.''

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही कशाची वाट बघत होतो हे मी मैत्रिणींना सांगू शकले नाही. आईला शी होण्याची. नळीतून औषध, एनिमा, मग वाट. मोठी मोठी माणसं, डॉक्टर, बाबा, नर्स, सगळ्यांचं लक्ष एका भांड्याकडे. पहिल्यांदा झाली तेव्हा बाबा म्हणाले, ''झाली! झाली!'' आणि बाजूच्या पलंगावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की बाहेर जावं लागलं.

मला करण्यासारखं काहीच नव्हतं. खरंच काही नाही. मी तिचा हात धरायचे, ती सोडवून घ्यायची. मी बोलायचे, ती छताकडे बघायची. एकदा तिनं मला विचारलं, ''तुमची पाटी कुठली?'' मी म्हणाले, ''मी मुलगी आहे तुझी.'' ती म्हणाली, ''एवढ्या लांबीच्या पत्र्यावर मावणार नाही.'' बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

चौथ्या दिवशी ती बोलायला लागली. नीट. बाबांना म्हणाली, ''दाढी करा हो.'' बाबा लगेच जाऊन दाढी करून आले, गालावर कापून घेऊन.

दुपारी डॉक्टर आले, तरुण, घाईत. आईला विचारलं, आज वार कोणता? सांगितला. कुठे आहात? सांगितलं. शंभरातून सात वजा करत जा. ''ते मला बरी असतानाही जमायचं नाही,'' आई म्हणाली आणि सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, ''छान. पलंगाची अडचणच आहे, आज घरी सोडू या?'' बाबांनी पिशवी भरायला घेतलीसुद्धा.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ''तू असतेस ना यांच्याबरोबर? एरवी अशाच असतात का या?''

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा. तिच्या डोळ्यांत नुसतं घर होतं.

सकाळी मी तिला पाणी दिलं तेव्हा ती 'थँक्यू' म्हणाली होती. मला. पलंगाची उंची बदलली तेव्हाही 'थँक्यू'. टीव्ही लावू? हो. बंद करू? हो. पडदा ओढू? हो. माझ्या आईनं आजवर पडद्यावरूनसुद्धा कमीत कमी दोन वाक्यं भांडल्याशिवाय हो म्हटलेलं नाही. पण हा काय पुरावा झाला? ना आकडा, ना अक्षर. आणि या आधी मी जे जे ठणकावून सांगितलं होतं, त्यामुळेच आम्ही इथे होतो.

''नाही,'' मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टर पुढे वाकले. ''नाही, अशी नसते. अजून ती ती नाहीये.''

''म्हणजे नक्की काय वेगळं वाटतं?''

''ती ऐकतेय. सगळ्यांचं ऐकतेय.''

डॉक्टर हसतील असं वाटलं. त्यांनी नर्सकडे पाहिलं. नर्सनी मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. ''बरं, रक्त परत तपासू. दोन दिवस ठेवू,'' असं म्हणून ते पुढच्या पलंगाकडे गेले.

बाबांनी पिशवीतून कपडे परत काढले, एकेक. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ''मला घरी जायचं होतं.''

''माहितीये, आई.''

''तू नको म्हणालीस.''

ती भिंतीकडे कूस वळवताना टाक्यांवर ताण आला, तिनं दात आवळले. मी हात पुढे केला, तिनं तो घेतला नाही. थोड्या वेळानं नर्स सिरप घेऊन आल्या आणि औषधाची वाटी माझ्या हातात दिली. मी पलंगाला वळसा घालून तिच्या तोंडासमोर गेले. आईनं ओठ मिटून घेतले. नर्सनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली, आणि त्यांच्या हातून मात्र ती सगळं प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत.

मी खुर्ची थोडी मागे ओढली, तिला दिसणार नाही अशी, पण तिचा श्वास ऐकू येईल इतपत जवळ.