प्रांतपालांच्या हस्ते

आमच्या मैत्री सेवा क्लबाचं वर्ष एक जुलैला सुरू होतं आणि तीस जूनला संपतं. दर वर्षी नवा अध्यक्ष. आणि नवा अध्यक्ष खुर्चीत बसला, की जुन्याने केलेलं सगळं त्याला सावत्र पोरासारखं वाटायला लागतं. जुन्याने पाणपोई बांधली असेल तर नवा तिला नळ बसवणार नाही, कारण पाटीवर नाव जुन्याचं. घाटकोपर स्टेशनबाहेर अशी एक पाणपोई आहे. तिच्यात लोक पानाच्या पिचकाऱ्या टाकतात.

अध्यक्ष बदलतात, सेक्रेटरी मात्र चार वर्षं मीच. याचं कारण माझी थोरवी नव्हे. क्लबात सगळे दुकानदार, दोन बिल्डर, एक औषधवाला. मी एकटा बँकेतला कारकून. टाइपिंग मला येतं, मराठीत पत्रं मला लिहिता येतात, आणि नाही म्हणता येत नाही. सेक्रेटरीला आणखी काय लागतं?

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात आम्ही डोळ्यांचं शिबिर घेतलं. मे महिन्यात, त्या उकाड्यात! डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात घ्या. पण हिवाळ्यात अध्यक्ष दुसरा असणार होता. तेव्हाच्या अध्यक्षांना तीस जूनच्या आत ऑपरेशनं हवी होती, म्हणून शाळेच्या वर्गांत बाकं हलवून खाटा टाकल्या आणि एकतीस म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू काढले. आकडा अहवालात गेला, अध्यक्षांना ढाल मिळाली. ढाल त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेली आहे, कोणीही जाऊन बघावी.

त्या एकतीस जणांत शांतामावशी होती. ही माझ्या आईची मैत्रीण, मालवणकडची. नवऱ्याची गिरणी संपानंतर उघडलीच नाही आणि तो गावी निघून गेला. ही भटवाडीच्या डोंगरावर सुनेपाशी राहिली आणि खाली भाऊरावांच्या किराणा दुकानात धान्य निवडायला जाऊ लागली. सुपात तांदूळ घ्यायचा, खडे काढायचे, दिवसभर. डावा डोळा पूर्ण पिकला, उजव्यात धुकं आलं, तसे खडे तिच्या बोटांना कळायचे पण नजरेला नाही. गिऱ्हाइकांच्या दातांखाली यायला लागले. भाऊराव भला माणूस, पण दुकान म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. ते म्हणाले, "शांताबाई, डोळे करून या. दिवाळीच्या गिऱ्हाइकीपर्यंत तुमची जागा ठेवतो. पुढे माझा इलाज नाही."

शिबिराला ती यायला तयार नव्हती. "उन्हाळ्यात डोळ्याक हात लावूक देवचंय नाय," म्हणायची. मी तीनदा डोंगर चढलो. शेवटी मी म्हणालो, "मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य माणसाने जपून वापरावं. ती आली.

त्या काळी असल्या शिबिरांत डोळ्यातच भिंग बसवायची सोय नव्हती. मोतीबिंदू काढला की नुसत्या डोळ्याला पाण्याखालून बघितल्यासारखं दिसायचं. दीड महिन्याने डोळा तपासून जाड भिंगाचा चष्मा द्यायचा, तेव्हा कुठे माणूस बघता व्हायचा. म्हणजे चष्म्याशिवाय ऑपरेशन म्हणजे अर्धं काम. आणि मे महिन्यात दीड महिना मिळवला की जुलै येतो. हे गणित मी बैठकीत सांगितलं होतं. "पुढचं पुढे बघू," असं सगळे म्हणाले आणि बटाटेवडे मागवले.

जुलैत चंद्रप्रकाशजी अध्यक्ष झाले. नळ, फरश्या, कमोड यांचं त्यांचं मोठं दुकान. माणूस हसरा, खांद्यावर हात टाकून बोलणारा, आणि तो हात खांद्यावर पडला की समजायचं, आपलं काम होत नाही. मी चष्म्यांची गोष्ट काढली तर म्हणाले, "गुणाजी, यार, डोळे त्यांच्या वर्षातले. माझं वर्ष वृक्षारोपणाचं आहे." मी इतका भांडलो, की शेवटी बाकीच्या सभासदांनीच ठराव करून घेतला. डोळे पुन्हा तपासले, नंबर काढले, चष्मे बनले. ऑगस्टच्या शेवटी एकतीस चष्मे एकतीस पत्र्याच्या डब्यांत, प्रत्येक डबीवर माझ्या अक्षरात नाव चिकटवलेलं, असे क्लबाच्या कपाटात येऊन पडले. किल्ली माझ्याकडे.

मी म्हटलं, येत्या रविवारी वाटून टाकू.

"पागल आहेस काय?" चंद्रप्रकाशजी म्हणाले. खांद्यावर हात आलाच. "वीस ऑक्टोबरला प्रांतपालसाहेबांची व्हिजिट आहे. त्यांच्या हस्ते वाटप करू. फोटो निघेल, रिपोर्टमध्ये येईल. असंच वाटून टाकलं तर त्याला वाटप म्हणतात काय?"

"लोकांना दिसत नाही हो. दोन महिने अजून?"

"तीन महिने बसले ना? दोन काय जड आहेत?"

प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या साठेक क्लबांचा वर्षभराचा राजा. त्याच्या भेटीसाठी प्रत्येक क्लब काही ना काही झाकून ठेवतो. कोणी शिलाई मशीन, कोणी वह्या. मुलुंडच्या एका क्लबाने तर जयपूर पाय ठेवले होते, आणि ज्याचा पाय तो माणूस कुबड्यांवर फिरत होता. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणाला काही वाटत नाही. मला वाटत होतं, पण नुसतं वाटून काय उपयोग? मी किल्ली खिशात घेऊन बँकेत जात होतो आणि येत होतो.

शांतामावशी दर रविवारी डोंगर उतरून माझ्या घरी यायची. सून हात धरून आणायची. "इलो काय रे चष्मो?" एवढंच विचारायची. मी प्रत्येक वेळी काहीतरी थाप मारायचो. डोंगरावर बोभाटा झाला होता, की क्लबवाल्यांनी म्हातारीचा डोळा घालवला. ती लोकांना सांगायची, "गुणाजी फसवचो नाय." हे मला तिच्या सुनेने सांगितलं, आणि वरून माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. सप्टेंबरच्या शेवटी मावशी उकळता चहा ओतायला गेली आणि तो कपाऐवजी मनगटावर पडला. पुढच्या रविवारी ती आली ती हाताला फडकं बांधून. विचारलं तेच.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी एकतीस पोस्टकार्डं लिहिली. सहा ऑक्टोबरला सकाळी माणसं माझ्या दोन खोल्यांत आली. कोणी विक्रोळीहून, कोणी कांदिवलीहून, एक म्हातारा कोळी तर मनोरीहून खाडी ओलांडून आला होता. माझी बायको शुभा चहा करून करून दमली. मी एकेक नाव वाचायचो, डबी उघडायचो, चष्मा चढवायचो. कोणी रडलं, कोणी हसलं. कोळीबाबा खिडकीशी उभे राहून समोरच्या इमारतीवरचे कावळे मोजायला लागले. शांतामावशीने चष्मा लावला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "अरे मेल्या, तू म्हातारो कधी झालंस?" मग शुभाच्या हातातली ताटली घेऊन त्यातल्या पोह्यांतली मोहरी बोटाने एकेक करून दाखवली. इतकं बरं मला चार वर्षांत क्लबात कधी वाटलं नव्हतं. सोमवारी ती भाऊरावांकडे कामाला लागली.

बातमी चंद्रप्रकाशजींना कळायला तीन दिवस लागले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. बँकेत आले, माझ्या टेबलासमोर बसले, म्हणाले, "तू वाट लावलीस गुणाजी. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या. आता प्रांतपालसाहेब काय वाटणार? हवा?" मग आवाज खाली आणला. "एक काम कर. त्यांना सगळ्यांना बोलाव. चष्मे काढायचे, साहेब परत लावतील. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. सगळ्यांना जेवण देऊ."

मी नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द! पण त्यांनी विचारलं, "पाच मिनिटं काढला तर कोणी आंधळं होतं काय?" आणि मी मान डोलावली. वर मनात आलं, की एवढ्यावर मिटत असेल तर मिटू दे. डब्या माझ्याच हातात राहतील, मी नाव वाचून देईन, गोंधळ व्हायचं कारण नाही. पुन्हा एकतीस कार्डं लिहिली.

वीस ऑक्टोबरला त्याच शाळेच्या हॉलमध्ये सगळे आले. मी सगळ्यांना पहिल्या दोन रांगांत बसवलं, डब्या परत गोळा करून टेबलावर नावांच्या क्रमाने मांडल्या. प्रत्येकाला सांगितलं, मी नाव घेईन तेव्हा चष्मा काढून माझ्याकडे द्या, मी तुमच्या डबीत ठेवेन. तेवढ्यात फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला आणि चंद्रप्रकाशजी ओरडले, "सेक्रेटरी! हार घेऊन चल!" प्रथा अशी, की प्रांतपालांना फाटकावर अध्यक्षाने आणि सेक्रेटरीने मिळून हार घालायचा. मी गेलो. हार, पुष्पगुच्छ, ओळख, फाटकावरचा फोटो, नवीन वृक्षारोपणाची दोन झाडं दाखवणं. वीस मिनिटं गेली असतील.

परत येऊन बघतो तर टेबलावर डब्या नाहीत. चंद्रप्रकाशजींच्या पत्नी सुलक्षणाभाभी महिला विभागाच्या प्रमुख. त्यांनी घरून चांदीचं तबक आणलं होतं, त्यावर लाल मखमल, भोवती झेंडूच्या पाकळ्या, मध्ये नारळ, आणि नारळाभोवती एकतीस चष्मे गोल मांडलेले. सुंदर मांडले होते. लग्नात रुखवत मांडतात तसे.

"डब्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"अहो, त्या पत्र्याच्या डब्या किती वाईट दिसत होत्या," भाभी म्हणाल्या. "टेबलाखाली टाकल्या. सगळ्यांच्या नाकावरून मीच अलगद काढून घेतले, कोणाला उठावं लागलं नाही."

एखाद्याचा डावा डोळा झालेला, एखाद्याचा उजवा. एकाच बाजूला जाड भिंग, दुसऱ्या बाजूला साधी काच. डाव्याचा उजव्याला गेला तर माणूस आहे तेवढंही बघत नाही. आणि काळ्या फ्रेमी सगळ्या एकसारख्या, घाऊक घेतलेल्या. मी काही बोलायच्या आत दीपप्रज्वलन सुरू झालं. मी चंद्रप्रकाशजींच्या कानाशी लागलो. "नंतर बघू, नंतर," ते तोंडावरचं हसू न हलवता म्हणाले, आणि माईक माझ्या हातात दिला. प्रांतपाल दिल्लीकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. दुभाषाही मीच.

पहिलं नाव शांतामावशीचं होतं, कारण मीच कधी काळी यादीत ते पहिलं लिहिलं होतं. सून तिला वर घेऊन आली. प्रांतपालांनी तबकातला सगळ्यात जवळचा चष्मा उचलला, दोन्ही हातांनी तिच्या नाकावर ठेवला. फोटोग्राफरने एकदा काढला, पुन्हा काढला. मला तिथूनच दिसत होतं, की जाड भिंग उजव्या डोळ्यावर आहे; ऑपरेशन झालं होतं डाव्याचं.

"माताजी," प्रांतपाल प्रेमाने म्हणाले, "अब दिखता है?"

मावशीने मान इकडे केली, तिकडे केली. मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मगाशी दिसत होता. आता काय एक दिसणा नाय."

प्रांतपाल हसले, माझ्याकडे वळले. "व्हॉट डज शी से?"

समोर शंभरेक माणसं. पहिल्या दोन रांगांत चष्म्यांशिवाय बसलेली ती तीस. चंद्रप्रकाशजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती. चार वर्षं मी या लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. फोटोसाठी जगणारे, ढोंगी, भित्रे. माईक माझ्या हातात होता. असा माईक माझ्या हातात आयुष्यात पुन्हा येणार नव्हता.

"शी इज व्हेरी हॅपी, सर," मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. पुढचे तीस चष्मे पंधरा मिनिटांत वाटून झाले.

जेवणाच्या वेळी मी टेबलाखालून डब्या काढल्या, चष्म्यांच्या काड्यांवर चष्मेवाल्याने बारीक कोरलेले यादीतले नंबर वाचत एकेकाला गाठत सुटलो. जे जेवत होते त्यांचे बदलून दिले. पण सातजण जेवणाची पाकिटं घेऊन आधीच निघून गेले होते. मनोरीचे कोळीबाबा भरतीची वेळ गाठायला सगळ्यात आधी गेले होते. त्यांचा चष्मा माझ्या हातात होता आणि मावशीचा कुठेच नव्हता. तो कोणाच्या नाकावर, विक्रोळीला गेला की मनोरीला, देव जाणे. बँक सांभाळून सात घरं शोधायची म्हणजे दिवाळी उलटणार होती.

हॉल रिकामा झाला. सुलक्षणाभाभी तबक पुसून पिशवीत घालत होत्या. शांतामावशी पहिल्या रांगेत सुनेशेजारी तशीच बसून होती, चुकीचा चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. मी जवळ जाऊन बसलो.

"गुणाजी?" तिने विचारलं.

"मीच, मावशी."

"तो सायब काय विचारी होतो तुका? माका कळाक नाय. तू तेका काय सांगलंस?"

खोटं बोलायला माझ्यात काही उरलं नव्हतं. "म्हटलं, तुम्ही खूप खूश आहात."

ती सुनेचा हात शोधून उभी राहिली.

"बरा," ती म्हणाली. "मग उद्या सकाळी नवाक दुकानात ये. भाऊरावाक पण ह्याच सांग."